सरकीची अक्षरं

परतूर, ज्येष्ठ वद्य तृतीया, शके १८५६

मच्छिंद्र मास्तर यांस,

आक्काचा आशीर्वाद अर्धाच पाठवते. उरलेला अर्धा पुष्पीला न्यायला येशील तेव्हा समोरासमोर देईन.

तुझं कार्ड पोचलं. पोरीला माझ्या ओट्यावर सोडून तू औरंगाबादची गाडी धरलीस, त्याला महिना झाला. महिन्यानं कार्ड येतं, आन् त्यात काय? ‘मुलगी मठ्ठ आहे. शेणगोठ्याचं काम करून घ्यावं. एक ओळ धड वाचू लागली तर कळवावं, येऊन नेईन.’ ती जेवती का, झोपती का, बिलकुल विचारलं न्हाईस. नऊ वर्षांची लेक हाय रे ती तुझी. बाजारातून आणलेलं वासरू न्हाई, की गुण दिसला तर ठेवू, न्हाईतर दावं सोडून देऊ.

तू इथं आल्तास तेव्हा म्हणाला होतास, ‘साळू वारली, तिच्या मागं पोरीची आबाळ होते, नव्या बायकोला, झुंबरला, एवढं जमत नाही, म्हणून तुझ्याकडं ठेवतो.’ मी तुझ्या तोंडावर विश्वास ठेवला. माझंच चुकलं. पोरीनं मला सगळं सांगितलंय. तुमच्या शाळेत, त्या सरकारी मदरशात, मोहतमीम साहेब तपासणीला आल्ते. तू ऐटीत सगळ्यांच्या आधी स्वतःच्या लेकीला उभं केलंस. साहेबांनी फळ्यावरच्या ‘कै’वर छडी ठेवली. आन् पोर ओठातल्या ओठात क, का, कि, की म्हणत म्हणत कैपर्यंत आली. साहेबांनी ‘मो’वर छडी ठेवली. ती पुन्हा म, मा, मि, मी करत निघाली. साहेब हसले, म्हणाले, “मास्टरसाब, आपकी लडकी तो हर दफा नीचे से सीढी चढती है.” सारा वर्ग हसला. तुझी मान खाली गेली, आन् आठ दिवसांत पोरीचं बोचकं बांधलं गेलं.

चाळीस पोरांना शिकवतोस म्हणे तू. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. चार वर्षं तुझ्यासमोर बसून पोरीला एक शब्द वाचता येत न्हाई, तर मठ्ठ कोण, ते बसल्या जागी विचार करून बघ. फळा पुसायला वेळ मिळतो तसा याला पण काढ.

दुर्गा


परतूर, आषाढ शुद्ध नवमी

मास्तर,

तुला मठ्ठ पोरीची मजा सांगते.

गेल्या पंधरवड्यात मी तिला विचारलं, “पुष्पे, कै कसं दिसतं गं?” म्हणाली, “आठव्या घरात असतं, आत्या.” दिसतं कसं, ते तिला माहीतच न्हाई! कुठल्या घरात राहतं तेवढं पाठ हाय. मंग मी चुलीपाशी राखेत ‘मका’ लिहिलं. मक्याचं कणीस समोर टोपलीत पडलेलं. पोर ‘म’ म्हणली, मंग ‘क’पासून चढून ‘का’ला गेली, आन् तिथं पोचेपर्यंत ‘म’ विसरली. परत फिरली. कपाळावर घाम. मला तर रडू आलं, आन् तुझा असा राग आला की हातातलं फुंकायचं नळकांडं मी गोठ्यात भिरकावलं.

अरे, चारशे पायऱ्या चढवल्यास तू तिला, आन् वर माडीच बांधली न्हाईस.

आता मी शिकवून राह्यले. हस. आधी हसून घे, मंग वाच. आपण अंतरवाली सराटीला होतो तेव्हा गोठ्याशेजारच्या पडवीत महानुभावांच्या चतुराबाई चार महिने मुक्कामाला होत्या, काळ्या लुगड्यातल्या. तुला कशाला आठवतील? तू तेव्हा पंतोजीच्या छड्या खात होतास. त्यांनी मला त्या चार महिन्यांत वाचायला शिकवलं, गोठ्यात बसून, ज्वारीच्या दाण्यांनी. छडी न्हाई, घोकणं न्हाई. म्हणायच्या, ‘अक्षरं एकदम सगळी घरात घेऊ नको. आधी नागडी येऊ दे.’

नागडी म्हणजे ज्यांच्या अंगावर काहीच न्हाई. काना न्हाई, मात्रा न्हाई, वेलांटी न्हाई. तेवढ्याच अक्षरांचे शब्द करायचे, आन् ज्या दिवशी अक्षर कळलं त्याच दिवशी त्याचा शब्द वाचायचा. वखर. जवस. गवत. सडक. पळ. दाण्यांच्या जागी मी सरकी घेतली, कारण परतुरात बाकी काही महाग असलं तरी सरकी घरोघर. पोर सारवलेल्या भुईवर सरकी मांडती. धडा झाला की टोपलीत भरून चंद्री म्हशीपुढं टाकती. आजवर चंद्रीच्या पोटात जितकी अक्षरं गेली तितकी तुझ्या वर्गातल्या एखाद्या पोराच्या डोक्यात गेली असतील का, शंका हाय.

पहिला शब्द तिनं वाचला तो ‘गवत’. वाचला आन् उठून बाहेर पळाली, कवाडापाशी उगवलेलं गवत बघून आली, आन् म्हणाली, “बराबर हाय आत्या, गवतच हाय.”

दुर्गा


परतूर, श्रावण शुद्ध दशमी

विद्वान भावास,

कार्ड मिळालं. ‘आक्का, हा खेळ आहे, शिक्षण नव्हे. आधी संपूर्ण बाराखडी मुखोद्गत, नंतर शब्द, हा शास्त्राचा क्रम आहे. बायकांनी त्यात ढवळाढवळ करू नये.’ वा रे वा! उचलली जीभ लावली टाळ्याला. अरे, पाच वर्षांचा होईपर्यंत तुला नाडी बांधता येत नव्हती, ती मी बांधत होते. त्यात ढवळाढवळ वाटली न्हाई कधी तुला.

तुझं शास्त्र म्हणजे पोराला आधी सगळी भांडी घासायला लावायची, आन् घासून झाली की सांगायचं, आता चूल विझली, जेवण उद्या.

इथली हकीकत ऐक. नागडी अक्षरं वीस दिवसांत झाली. मंग काना घेतला. आम्ही त्याला काठी म्हणतो, अक्षराच्या पाठीशी उभी राहती म्हणून. एका वेळी एकच दागिना, हा आमचा कायदा. काठी पक्की झाल्याबिगर वेलांटीचं नाव काढायचं न्हाई. गाव, बाजार, कापसाचा भार, असं सगळं वाचून झालं. नागपंचमीला मी पुरणाच्या गडबडीत होते. पोर गोठ्यात एकटी सरकी मांडून बसल्ती. मी तिला काही सांगितलं नव्हतं. धार काढायला गेले तर भुईवर लिहिलेलं,

बाबा आला का

कुणी न सांगता तिनं लिहिलेलं हे पहिलं. ‘आले का’ म्हणायचं तर मात्रा लागती, आन् मात्रा अजून आमच्या घरात आली न्हाई. म्हणून आला. तू मानापमान घेऊन बसू नको.

मी चंद्रीला ती सरकी घातली न्हाई. रात्रभर तशीच ठेवली.

एक ओळ वाचली की न्यायला येईन म्हणल्तास. ही तर लिहून राह्यली. परतुराला गाडी रोज येती.

दुर्गा


परतूर, आश्विन वद्य पंचमी

मच्छिंद्र,

देव पावला! तुझं कार्ड न्हाई, चक्क बंद पाकीट आलं. चार पानं! मी वाचायला बसले तर पोर मांडीला टेकून बसली. म्हणली, “मला दे, मी वाचते.” मी दिलं न्हाई, आधी स्वतः वाचलं. बरं केलं.

चार पानांत पुष्पीचं नाव एकदा. ‘पुष्पीवर तू जो प्रयोग केलास त्याचा क्रम सविस्तर कळव. नागड्या अक्षरांत कोणती आधी? कान्यानंतर काय? किती दिवस? कोणते शब्द? मी तपासून पाहीन, कितपत खरं आहे ते.’ श्रावणात खेळ होता, आता प्रयोग झाला का? आन् तपासून पाहायला यायला लागतं रे, चार पानांनी तपासणी होत न्हाई.

पण सांगते. का सांगते? कारण हे मला येतं, आन् तुला येत न्हाई. पुन्हा असा दिवस येईल न येईल.

पहिल्यांदा नागडी. मंग काठी. मंग वेलांटी, तिला आम्ही पदर म्हणतो. डोक्यावरून पुढं घेतलेला एक, मागं सोडलेला एक. मंग उकार, म्हणजे शेपूट. मंग मात्रा, तिला तुरा म्हणतो. एक तुरा आधी, दोन तुरे नंतर, घाई न्हाई. मंग अनुस्वार, म्हणजे कुंकू. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. ती बैलजोडी हाय, एक बैल नीट चालल्याबिगर दुसरा जुंपायचा न्हाई. प्रत्येकाचे शब्द मी मागच्या पानावर उतरून दिलेत. पोर अडली तर मागं न्यायची, मारायची न्हाई. हे शेवटचं तुझ्यासाठी हाय, दोनदा वाच.

पुष्पी कुंकवापर्यंत पोचली. शेजारच्या कडूबाच्या दोन पोरी आन् हमालाच्या घरची दोघं, अशी चार जण आता तिच्यापुढं सरकी मांडून बसतात. ती त्यांना शिकवती. तुझ्या मठ्ठ पोरीच्या हाताखाली चार पोरं, मास्तर!

दिवाळी आली. मला ओवाळणी नको. भाऊबिजेला ये आन् तुझ्या लेकीला घेऊन जा. मी तिला सांगून ठेवलंय, बाबा भाऊबिजेला येणार.

दुर्गा


परतूर, कार्तिक शुद्ध पंचमी

मच्छिंद्र,

तबक तसंच ठेवलंय. तेल संपलं, वात जळाली. पोर तीन गाड्या बघून आली. तिसऱ्या गाडीला मी तिच्यासोबत गेल्ते. गाडीतून बद्रीनाथ सावकाराचा मुनीम उतरला, दोन कोंबड्या घेऊन.

परवा तुझं कार्ड. ‘जोडाक्षरं येऊ देत, मग बघू. सध्या एका महत्त्वाच्या कामात आहे.’

जोडाक्षरं. बरं. आधी एक ओळ होती, आता जोडाक्षरं झाली. पुढं संस्कृत मागशील. नाचता येईना अंगण वाकडं. बाप होता येईना तर पोरीचं अक्षर कच्चं.

दुर्गा


परतूर, माघ शुद्ध एकादशी

मच्छिंद्र,

तुझं महत्त्वाचं काम बघितलं.

गावातला पुंजाराम जालन्याला गेल्ता, मस्तगडच्या दुकानातून त्याच्या नातवासाठी नवं पुस्तक घेऊन आला. येता येता माझ्या ओट्यावर बसला, म्हणाला, “दुर्गाबाई, बघा, तुमच्या भावाचं नाव छापलंय.” गुलाबी कागदाचं कव्हर. ‘नूतन मच्छिंद्र वाचनपाठ. शास्त्रीय पद्धतीने सिद्ध केलेला.’ आत पहिल्या पानावर मोहतमीम साहेबांना अर्पण, दुसऱ्या पानावर तुझी प्रस्तावना. ‘दीर्घ चिंतनान्ती मजला ही पद्धती स्फुरली.’

स्फुरली! अरे, स्फुरली का पाकिटातून आली?

नागड्या अक्षरांना तू ‘निरलंकृत वर्ण’ केलंस. पदराची ‘वेलांटीयुक्त श्रेणी’ केलीस. बाकी सगळं तसंच, माझ्याच क्रमानं. धडा पहिला : वखर, जवस, गवत, सडक, पळ. एक शब्द इकडचा तिकडं केला न्हाईस. शहरातली पोरं वखर कशाला म्हणतात ते विचारतील तेव्हा काय सांगशील? तुला तरी आठवतं का, का माझ्याकडून चार पानांत मागवशील? आयत्या बिळावर नागोबा.

तरी मी हे गिळलं असतं. माझं नाव नको होतं मला. चतुराबाईंचं पण नाव कुठं छापलेलं न्हाई, त्यांच्याकडून मी घेतलं, माझ्याकडून तू घेतलंस, पोरं वाचायला लागली तर ठीक हाय. एवढी मोठी मी हाय.

पण पुस्तक पुष्पीच्या हातात पडलं, मच्छिंद्र.

तिनं कव्हर वाचलं. जोडाक्षरासकट, न अडखळता. बापाचं नाव वाचून फुलली. पहिला धडा वाचला, हसली, “आत्या, हे तर आपलं हाय.” मंग पान उलटलं. धडा दुसरा, काना.

बाबा आला का.

मोठ्या अक्षरात, चौकटीत. खाली सूचना : ‘शिक्षकांनी हे वाक्य मुलांकडून दहा वेळा म्हणवून घ्यावे.’

मला वाटलं, पोर आता फुटती. तर ती उलट नाचायलाच लागली! “बाबानं माझं छापलं! बाबाला माझं पोचलं!” आन् बसली की पुढं वाचायला. तिसरा धडा, चौथा, पाचवा. ओठ हलत नव्हते आता तिचे, डोळेच पळत होते. एवढं जल्दी वाचताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. मी विचारलं, “काय शोधून राह्यलीस गं?” म्हणाली, “आला का न्हाई, ते पुढं कुठं तरी लिहिलं असेल ना.”

बत्तीस पानं. तिनं सगळी वाचली. शेवटच्या पानावरची छापखान्याची ओळ वाचली, किंमत वाचली. मंग पुस्तक पालथं घालून बघितलं. मंग पुंजारामाला परत दिलं, आन् म्हशीला पाणी दाखवायला गेली.

ते वाक्य तुला माझ्या पत्रात दिसलं तेव्हा तुला काय दिसलं रे? काने मोजलेस तू. बा, बा, आ, ला, का. सगळीकडं काठी हाय, छान नमुना हाय, घ्या छापून. तुझी लेक विचारून राह्यली, हे तुला वाचता आलं न्हाई. चार वर्षं तू तिला मठ्ठ म्हणलास. वाचता न येणारा आपल्या घरात एकच निघाला.

आता माझं पण ऐक. सात महिने मी तिला सांगत आले, वाचायला लागलीस की बाबा येतो. त्या आशेवर ती शिकली. ते खोटं मी तुझ्या वतीनं बोलले. आन् दर वेळी तुझं ‘मग बघू’ आलं की माझा राग खरा असायचा, पण राग ओसरला की बरं पण वाटायचं, पोर अजून राहिली म्हणून. तुझ्याबरोबर मी माझ्यावर पण थुंकते.

दुर्गा


परतूर, फाल्गुन वद्य द्वितीया

मच्छिंद्र,

पाकीट मिळालं. मोहतमीम साहेबांना म्हणे ती मुलगी बघायची हाय, जिच्यावर पद्धत सिद्ध झाली. म्हणून तू गुढीपाडव्याला येणार, पुष्पीला नवं परकर-पोलकं आणणार आन् घेऊन जाणार. झुंबर पण राजी हाय म्हणतोस. होणारच. साहेब राजी म्हटल्यावर कोण राजी होणार न्हाई?

शिवाय, दुसरी आवृत्ती निघती, आक्कानं काही दुरुस्ती असल्यास कळवावी, असं पण लिहिलंस. लाजेचा एवढा कोरडा माणूस मी आजवर पाह्यला नव्हता.

या वेळी पाकीट मी लपवलं न्हाई. पुष्पीनं तुझं पत्र स्वतः वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्यानं, आन् एकदा पण अडली न्हाई. वाचून झाल्यावर घडी घालून मला परत दिलं. मी म्हणले, “जाणार का? तू म्हणशील तसं. बाप हाय तुझा, मी आडवी येणार न्हाई.” असं म्हणून मी दोन्ही हात पदराखाली घेतले.

तिनं मान वळवून कवाडाबाहेर बघितलं. गोठ्यात तिची चार पोरं सरकी मांडून वाट बघत होती. म्हणाली, “आत्या, कडूबाकाकाची धाकटी अजून काठीवरच हाय. तिला सोडून कसं जाऊ? ती पुन्हा खालपासून चढायला लागंल.”

मी म्हणले, “मंग बाबाला काय कळवू?”

“न्हाई येत म्हण.”

मी सांगितलं, पुस्तकातली दुरुस्ती पण मागतोय. ती उठली. आत गेली, पोरांचा धडा घेतला, सरकी चंद्रीपुढं टाकली, हात धुऊन आली. मंग माझ्या शेजारी बसून तिनं सांगितलं, आन् मी तिच्या शब्दांत उतरून देते.

दुसऱ्या धड्यातल्या वाक्याचं उत्तर राह्यलंय. पोरं विचारतात. ‘बाबा आला नाही’ असं छापा. पण ते दुसऱ्या धड्यात टाकू नका, ‘नाही’ला वेलांटी लागते आणि ती पोरांना तिथं आलेली नसते. तिसऱ्या धड्यात टाका.

दुर्गा